पंचेचाळीस नावं आणि दोन पाहुणे

रविवार, ३ फेब्रुवारी

महिन्याचा पहिला रविवार, म्हणजे आमच्या चर्चचा उपवासाचा दिवस. त्यात बिशपनी पुन्हा एकदा सगळ्यांना बजावलं की रोजनिशी लिहा, पुढच्या पिढ्यांना उपयोगी पडते. रिकाम्या पोटी मला कुठलाच उपदेश गोड लागत नाही. पण वही घरात होती, तेव्हा लिहिते.

कारणही आहे. या वर्षीचं कुळाचं संमेलन माझ्या गळ्यात पडलं आहे. म्हणजे मीच हात वर केला. हायरम आणि केझाया पॉलसन यांचे आम्ही सगळे वंशज दर तीन वर्षांनी जमतो. गेली चार संमेलनं माझ्या थोरल्या बहिणीने, लारूने, तिच्या परसात भरवली. तंबू, घडीच्या खुर्च्या, किसलेलं गाजर घातलेली हिरवी जेली, आणि दुपारी तीन वाजता वंशावळीचं वाचन. वंशावळीची जाडजूड वही लारूच्या ताब्यात असते. गेल्या वेळी वाचन चालू असताना चार जण बसल्या जागी झोपले. त्यातला एक माझा नवरा व्हर्ल.

काल लारूला फोनवर सांगितलं, "यंदा मी करते. आणि परसात नाही. गाड्या काढायच्या. हायरम आणि केझाया त्या थंडीत घोडागाड्या घेऊन ज्या घळींच्या मुलखातून गेले, तिथून आपण सगळे जायचं."

"आर्विला, तुला माझं साधं भांडं वेळेवर परत करता येत नाही."

"मी एकतीस वर्षं शाळेची बस चालवली आहे. एक पोर कधी मागे विसरले नाही."

"पोरं गप बसतात. हे आपले नातेवाईक आहेत."

तरी शेवटी "कर बाई" म्हणाली. संध्याकाळी उपवास सोडला आणि लगेच यादी करायला घेतली. व्हर्लने दोनदा मोजून सांगितलं, पंचेचाळीस माणसं. मी म्हटलं, सत्तेचाळीस धर. का, ते त्याने विचारलं नाही. हा माणूस कधीच काही विचारत नाही.


मंगळवार, १२ फेब्रुवारी

जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला आहे. चार कोपऱ्यांवर पीचच्या चार बरण्या ठेवल्या आहेत, त्यामुळे आम्ही दोघं तीन दिवस हातात ताटली घेऊन जेवतो आहोत.

बेत असा. गुरुवारी सकाळी सहाला आमच्या कनॅबमधून अकरा गाड्या निघतील. मुक्काम एस्कलांटेला. शुक्रवारी कच्च्या रस्त्याने नाचाच्या खडकापर्यंत जाऊन परत. घोडागाड्या खाली उतरवायला पुढचा कडा फोडायचं काम चालू असताना आमच्या पूर्वजांनी तिथे, त्या उघड्या खडकावर, फिडलच्या तालावर नाच केला होता. शनिवारी लांबचा पल्ला, मोकीचा घाट उतरून ब्लफ. रविवारी ब्लफमध्येच. रविवारी आम्ही प्रवास करत नाही, दुकानात जात नाही, गाडीचं चाक हलत नाही. प्रार्थना, मग जेवण. सोमवारी घरी.

व्हर्लने नकाशा बराच वेळ पाहिला आणि म्हणाला, "फ्लॅगस्टाफ रस्त्यात लागत नाही."

"लागायला कशाला पाहिजे?"

"नाही, सहज."

तिकडे ॲरिझोनात, फ्लॅगस्टाफमध्ये, आमचा धाकटा, डॅलिन, राहतो. इथून साडेतीन तासांवर. सहा वर्षं झाली, तो या घरात आलेला नाही. तेव्हा तो रेनाटाला घेऊन आला होता. तिच्या कडेवर तिची आधीच्या नात्यातली, वर्षाची मुलगी पालोमा होती. डॅलिनने चर्च सोडलं होतं ते मी गिळलं होतं. पण लग्न न करता हे दोघं एका घरात राहणार होते. मी दारातच सांगितलं, "लग्न करून या, मग हे दार उघडं आहे." मला वाटलं होतं, महिन्याभरात करतील. त्याने माझं बोलणं अक्षरशः मानलं. लग्न केलं नाही आणि आलाही नाही.

हे सगळं संमेलन मी त्याच्यासाठी करते आहे असं कोणी समजू नये. मला घळी आवडतात.


शनिवार, ९ मार्च

तारीख जाहीर केली आणि अर्ध्या तासात फोन पेटला. ऑक्टोबरच्या तिसऱ्या गुरुवार-शुक्रवारी शाळांना सुट्टी असते, म्हणून मी सतरा तारीख धरली होती. हरणाच्या शिकारीचा हंगाम त्याच शनिवारी उघडतो, हे माझ्या डोक्यातच नव्हतं. बसमध्ये मला फक्त पोरं दिसायची, त्यांचे बाप कुठे जातात ते नाही.

लारूचा मुलगा केंटन म्हणाला, "मावशी, तू ख्रिसमसच्या दिवशी ठेवलं असतंस तरी चाललं असतं."

"हरणं नऊ दिवस असतात. पुढच्या सोमवारी मारा."

"सोमवारपर्यंत हुशार हरणंच उरतात."

"मग तुमची बरोबरी होईल."

तारीख बदलणार नाही. रागावलेले पुरुष तोंड फुगवून का होईना, पण येतात. बायका फोनवर मनापासून हसल्या, दोघींनी तर आभार मानले.


शनिवार, ४ मे

नाचाच्या खडकापर्यंत जाऊन रस्ता पाहून आले. व्हर्लची जुनी पिकअप घेतली होती. पन्हाळी पत्र्यावरून गाडी चालवावी तसा सगळा रस्ता. सदतीस मैल दात वाजत होते. वाटेत दोन ओढे लागतात, कोरडे, पण वर कुठे पाऊस झाला तर अर्ध्या तासात लाल पाणी येतं. वहीत लिहून ठेवलं: आभाळात ढग असेल तर कोणीही ओढ्यात गाडी उभी करून फोटो काढायचे नाहीत. केंटनच्या नावाने वेगळं लिहिलं.

खडकावर पोचलो तेव्हा तिथे कोणीच नव्हतं. एवढा मोठा गुळगुळीत खडक, मागे कमानीसारखी भिंत. व्हर्लने हात पुढे केला आणि आम्ही दोघं चार पावलं नाचलो. मग त्याचा गुडघा बोलला.

परतताना तो म्हणाला, "लहान मुलांना इथे फार मजा येईल. ओरडलं की आवाज परत येतो."

"कुठली लहान मुलं? आपल्या सगळ्या नातवंडांना आता मिशा फुटल्या."

"असंच म्हटलं."

सोमवारी तो परत फ्लॅगस्टाफला जाणार आहे, ट्रॅक्टरचा भाग आणायला. गेल्या महिन्यातही गेला होता आणि चुकीचा भाग घेऊन आला. त्या ट्रॅक्टरला एवढे भाग आहेत हे मला माहीत नव्हतं. येताना टमाले घेऊन येतो, मक्याच्या पानातले, गरम, फडक्यात गुंडाळलेले. मी विचारलं, "दुकानात फडक्यात बांधून देतात?" म्हणाला, "चांगलं दुकान आहे."


रविवार, १६ जून

आज पितृदिन. डॅलिन दर वर्षी आजच्या दिवशी त्याच्या बापाला फोन करतो. चार मिनिटं बोलतात, हवामान आणि ट्रॅक्टर. दर वर्षी मी त्या वेळी स्वयंपाकघरात भांडी आवरते. आज हात पुसले आणि व्हर्लच्या कानाजवळचा फोन काढून घेतला.

"डॅलिन, ऑक्टोबरात संमेलन आहे. गाड्यांनी. तुम्ही तिघं या."



"आई, तिघं म्हणालीस का?"

"मला मोजता येतं."

"लारू मावशीला चालणार आहे?"

"लारूचं मी बघते."

 मग म्हणाला, "पालोमाला घळी बघायच्यातच. तिच्या शाळेत खडकांचा धडा झाला, तेव्हापासून घरभर दगड आहेत." मग जरा हसून, "ते सगळ्यांची नावं असलेले शर्ट अजून करता का तुम्ही?"

"करणार तर! यंदा माझ्याकडेच आहे ते."

"तिला एकदा सांगितलं होतं मी. पाठीवर सगळ्या घरादाराची नावं असतात म्हणून. तिला ते फारच आवडलं होतं."

रेनाटाला विचारून सांगतो, म्हणाला. नाही म्हणाला नाही. सहा वर्षांत पहिल्यांदा तो माझ्याशी हवामान सोडून बोलला. फोन ठेवला आणि मला रडू आलं. व्हर्लने नाक पुसायला मळका रुमाल दिला, तोही घेतला.


बुधवार, २४ जुलै

पूर्वजांच्या आगमनाचा सण. सकाळी मिरवणूक, दुपारी लारूच्या परसात जेवण, आणि जेवण होता होता माझं आणि लारूचं कडाक्याचं भांडण.

शर्टाची रीत अशी. पुढे हायरम आणि केझायाची नावं. मागे हयात असलेल्या सगळ्यांची, घराण्याच्या शाखेप्रमाणे. आजीने नियम घालून दिला आहे की वंशावळीच्या वहीत आहे तेच शर्टावर. आणि वहीत जन्माने किंवा लग्नानेच जाता येतं.

मी म्हटलं, "माझ्या शाखेत दोन नावं वाढवायची आहेत."

लारूने चमचा खाली ठेवला. "कोणाची ते कळलं. नाही."

"लारू, तो येणार आहे. सहा वर्षांनी."

"येऊ दे की! मी काय काठी घेऊन उभी आहे? जेवेल, खाईल. पण लग्न नाही, काही नाही, आणि त्या बाईचं नाव केझायाच्या नावामागे? आज हिला लिहिलं तर केंटनच्या पोराची ती मैत्रीण, दर हंगामाला बदलते, तिलाही लिही. मग कोणालाही लिही. पोस्टमनला लिही."

"ते सहा वर्षं एकत्र आहेत."

"मग सहा वर्षांत एकदा चर्चच्या मंदिरात जाऊन लग्न लावायला काय झालं होतं?"

हेच मी त्याला दारात म्हटलं होतं. तरी मी हटले नाही. तिची जेली न खाता घरी आले. असं मी आयुष्यात पहिल्यांदा केलं.


रविवार, ११ ऑगस्ट

जिंकले!

अठरा दिवस लागले. लारूला तीन पत्रं, सात फोन, आणि काल प्रत्यक्ष जाऊन तिच्या ओसरीवर दोन तास बसले. शेवटी ती म्हणाली, "नावं नाही. पण त्यांना मोजायचं म्हणतेस ना, मोजू." आणि तिनेच तोड काढली. माझ्या शाखेत डॅलिनच्या नावापुढे छापायचं: "आणि पाहुणे २".

एवढ्या वर्षांत वहीबाहेरचं कोणी आमच्या शर्टावर आलेलं नाही. हे पहिलेच. नियम मोडला नाही आणि माणसंही बसली. आता कोणी त्यांना विचारणार नाही की तुम्ही कोण, कुठल्या. सगळ्यांना शर्टावरूनच कळेल.

आनंदाने पीचचं सारण भरून गोड 'पाय' भाजला. व्हर्लला छापखान्यात द्यायचा कागद दाखवला. त्याने चष्मा लावून पुन्हा पुन्हा वाचला.

"नावं घातली असतीस तर?"

"अरे, हे मिळवायला मला अठरा दिवस लागले!"

 तो ताटलीतला तुकडा तसाच ठेवून ट्रॅक्टरकडे गेला. त्याला गोड नको असेल तर तसं सांगावं, मी करते कशाला?


शनिवार, २१ सप्टेंबर

शर्ट आले. लारूची शाखा निळी, आमची विटकरी. अक्षर छान उमटलं आहे. मी माझा अंगात घालून आरशाकडे पाठ करून मान मोडेपर्यंत पाहिलं. पंचेचाळीस नावं, आणि पाहुणे दोन.

डॅलिनकडचे तीन बांधले. पालोमाचा सर्वांत लहान मापाचा, बाहीवर मी रिबीन शिवली आहे. व्हर्ल म्हणाला, "मी सोमवारी फ्लॅगस्टाफला जातोच आहे, घेऊन जातो."

"तू ट्रॅक्टरच्या दुकानात विसरशील. पोस्टाने जाईल."

"नाही विसरणार. दे."

एवढा हट्ट तो कधी करत नाही. पण मी सरळ जाऊन पोस्टात टाकून आले.


रविवार, २९ सप्टेंबर

डॅलिनचा फोन आला. आज पितृदिन नाही, काही नाही, तरी आला, म्हणून मी धावतच घेतला.

"आई, आम्ही येत नाही."

मी विचारलं, आजारी आहे का कोणी?

"शर्ट आले. पालोमाने उघडले. स्वतःचं नाव शोधत होती. तिला सापडेना, म्हणून मला बोलावलं." मग म्हणाला, "पाहुणे, आई? सहा वर्षांनी?"

मला संताप आला. मी म्हटलं, तुला कल्पना आहे का, त्या दोन शब्दांसाठी मी किती भांडले? लारूशी माझं फाटलं होतं, ते कोणासाठी?

तो म्हणाला, "मला माहीत आहे तू भांडली असशील. ठेवतो." आणि ठेवला.

म्हणजे करावं तरी काय माणसाने? अर्धी भाकरी मिळवून द्यावी तर म्हणे अख्खी का नाही. व्हर्ल ऐकत होता. त्याच्याकडे मी रागाने पाहिलं तर तो उठून बाहेर गेला. सगळे उठून जातात.


शुक्रवार, ४ ऑक्टोबर

शाळेचा नेहमीचा ड्रायव्हर पाठ धरून बसला आहे, म्हणून त्यांनी मला एका दिवसासाठी बोलावलं. बरं वाटलं. स्टिअरिंग हातात आलं की मला माझं डोकं जागेवर आल्यासारखं होतं.

पाचव्या थांब्यावर एक नवीन मुलगा उभा होता. दात पडलेला, दप्तर त्याच्याहून मोठं. यादीत पाहिलं, त्याचं नाव नव्हतं. तो पायरीवरच उभा राहिला, वर येईना. म्हणाला, "मी यादीत नाही का?"

मी पेन काढलं, नाव विचारलं, यादीच्या तळाला लिहिलं आणि त्याला दाखवलं. एकतीस वर्षं हेच केलं आहे. त्याने ते वाचलं आणि उड्या मारत आत जाऊन बसला. यासाठी मला कोणाला विचारावं लागलं नाही.

पोरं शाळेत सोडली, बस आगारात लावली आणि इंजीन बंद केलं. मग मला उठताच येईना. फोरमन येऊन विचारून गेला, बरं आहे ना. मी म्हटलं, आहे.

ते पोर पायरीवर ज्या चेहऱ्याने उभं होतं, तशीच पालोमा शर्ट हातात धरून उभी राहिली असेल. आणि रिबीन मी स्वतः शिवली होती.


मंगळवार, ८ ऑक्टोबर

छापखाना म्हणतो, तीन आठवडे लागतील. लारू म्हणते, झालं ते झालं, आता नको उकरू. डॅलिन फोन उचलत नाही. काल एक ओळ पाठवली: "आई, आता राहू दे."

राहू देणार नाही. पण काय करायचं तेही कळत नाही. आठ दिवसांवर चव्वेचाळीस माणसं दारात जमतील. पाण्याचे कॅन, तंबू, दोन जादा टायर, सगळं तयार आहे. गाड्यांचा क्रम लावला आहे, सगळ्यात पुढे मी. पहिल्यांदाच सगळं माझ्या मनासारखं जमलं आहे आणि माझं मन त्यात नाही.

व्हर्ल म्हणाला, "हे फोनवर होण्यातलं नाही."

"मग कशावर होण्यातलं आहे?"

त्याने खांदे उडवले.


बुधवार, १६ ऑक्टोबर

सगळे आले. अंगणात गाड्याच गाड्या. केंटन अंगात शिकारीचं नारिंगी जाकीट घालून आला आहे, मला टोमणा म्हणून. बटाटे, मांस, तीन तऱ्हेची जेली. सगळ्यांच्या पाठीवर नावं.

जेवणाआधी लारूने माणसं मोजली. मोठ्याने म्हणाली, "चव्वेचाळीस. डॅलिन नाही, आणि पाहुणे नाहीत. म्हणजे सगळे आले. चला, प्रार्थना."

तिच्या मनात वाईट काही नव्हतं. सगळ्यांनी डोळे मिटले. मी मिटले नाहीत. डॅलिन नाही, म्हणजे सगळे आले. हे कोणालाच खटकलं नाही.


गुरुवार, १७ ऑक्टोबर

फ्लॅगस्टाफमधून लिहिते आहे. सकाळपासूनचं सगळं आजच लिहायला हवं.

साडेपाचला अंगणात इंजिनं सुरू झाली होती. मी नकाशांची फाईल लारूच्या हातात दिली.

"आज तू पुढे हो. सगळं लिहिलेलं आहे, कुठे पेट्रोल, कुठे पाणी. ओढ्यात कोणाला थांबू देऊ नकोस."

"आणि तू?"

"मी पोराकडे जाते."

"आर्विला! आठ महिने तू या एका दिवसासाठी..."  मग हळू आवाजात म्हणाली, "मला हे घाट-बिट जमायचे नाहीत गं."

"जमतील. केंटनला पुढे घाल. हॉर्न वाजवायला त्याला आवडतं."

व्हर्ल माझ्या गाडीच्या खिडकीशी आला. "मी येऊ?"

"नको. तू शेवटच्या गाडीत राहा, कोणी मागे पडायला नको."

त्याने मान हलवली. म्हणाला, "डावीकडचं निळं दार. घंटी बंद आहे, ठोठाव."

ते सगळे उत्तरेला वळले, मी दक्षिणेला. जेकब लेकचा चढ संपला तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. घंटी बंद आहे हे याला कसं माहीत? मग ओळीने सगळं आलं. चुकीचे भाग. फडक्यातले टमाले. लहान मुलांना मजा येईल. मी गाडीत एकटीच एवढ्या मोठ्याने ओरडले की आरसा हलला. फोन करायला गेले तर तिथे रेंजच नाही. त्याचं नशीब थोर. नदीवरचा पूल येईपर्यंत मी त्याला शिव्या घालत होते आणि पुलानंतर रडत होते. सहा वर्षं हा माणूस जात होता आणि मी भांडी आवरत होते.

ॲरिझोनात घड्याळ तासभर मागे आहे, त्यामुळे पोचले तेव्हा सकाळचे आठच वाजले होते. निळं दार ठोठावलं. मुलीने उघडलं. वेणी अर्धी घातलेली, हातात टोस्ट.

"तू आजोबांची बायको ना?" ती म्हणाली. "फोटोत तुझे केस काळे आहेत."

"फोटो जुना आहे."

"आजोबा नाही आले?"

"त्यांच्याकडे मी नंतर बघणार आहे."

तिच्या मागे रेनाटा उभी होती, दवाखान्याच्या कपड्यांत. ती तिथे एक्स-रे काढते. डॅलिन हातात कंगवा घेऊन आतून आला आणि मला बघून तिथेच थांबला. मी काही ठरवून गेले नव्हते. जे तोंडात आलं ते बोलले, आणि आधी पोरीशीच बोलले.

"पालोमा, त्या शर्टावर तुझं नाव असायला हवं होतं. मी लिहिलं नाही. विसरले नाही, मुद्दाम लिहिलं नाही, कारण माझी बहीण रागावेल अशी मला भीती वाटली. ती चूक माझी आहे."

पोरीने विचार केला. "तुझी बहीण फार मोठी आहे?"

"चार वर्षांनी."

"मग ठीक आहे," ती म्हणाली, पण ते ठीक नव्हतं हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

रेनाटा म्हणाली, "तुम्ही तेव्हा दारात जे बोललात, ते मी कधीच सोडून दिलं. माणूस रागात बोलतो. पण हिने तो शर्ट जमिनीवर अंथरला आणि बोट ठेवून एकेक नाव वाचलं. दोनदा. मग मला विचारलं, आपल्याला चुकून दुसऱ्या कोणाचा शर्ट आला आहे का."

मी खुर्ची ओढली. बसले. म्हटलं, "मला तुझी लाज वाटत नव्हती गं. लोकांना काय सांगू, याची वाटत होती. सहा वर्षं तेवढ्यावर घालवली."

डॅलिनने कंगवा टेबलावर ठेवला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. काही बोलला नाही. त्या बाबतीत तो बापावर गेला आहे.

रेनाटाने घड्याळ पाहिलं. ती रडणाऱ्यातली नाही, मला ते आवडलं. म्हणाली, "हे बघा, चव्वेचाळीस लोकांपुढे चार दिवस मी उभी राहणार नाही. आणि मला आज-उद्या काम आहे, शनिवारीही आहे. सुट्टी रविवारची."

रविवार. आठ महिने मी सगळा बेत आखला तो रविवारी चाक हलणार नाही या हिशोबाने. सगळे ब्लफमध्ये स्वच्छ कपडे घालून बसलेले असतील आणि धूळ उडवत एक गाडी येणार, तीही माझी.

"रविवारी सकाळी निघू," मी म्हटलं. "ब्लफला जेवायच्या वेळी पोचू. कोणी वाकडं बोललं तर त्याच क्षणी गाडी वळवायची. मी चालवते."

डॅलिन म्हणाला, "आई, रविवारी?"

"दिवस मला माहीत आहे."

रेनाटाने माझ्याकडे नीट पाहिलं. मग दाराजवळची पिशवी उचलली. "मी तीनला सुटते. डॅलिनला आत्ता निघायला हवं. हिला शाळेत सोडाल का तोवर? आणि आणाल?"

मी म्हटलं, जमेल.

संध्याकाळी पाचला लारूचा फोन आला. एस्कलांटेला सुखरूप पोचले. एका गाडीचा टायर गेला, केंटन दोनदा चुकीचा वळला, ती स्वतः घाटात डोळे मिटून बसली होती आणि आता आवाजात ऐट होती. मी सगळं ऐकून घेतलं.

"आता तू कधी येतेस ते सांग. मला काय ही फाईल जन्मभर सांभाळायची नाही."

"रविवारी दुपारी. ब्लफला."

"रविवारी? गाडीने?"

"चालत लांब पडेल."

"आर्विला, थट्टा नको. कोणाबरोबर येतेस?"

"मुलगा, सून आणि नात."

  "लग्न झालं त्यांचं?"

"विचारलं नाही."

मागे कोणीतरी तिला जेवायला हाक मारत होतं. तिने त्यांना थांबा म्हटलं. मग मला म्हणाली, "रविवारच्या जेवणाला किती धरू? तीन जास्त?"

"तसं नको," मी म्हटलं. "नावं सांगते, लिहून घे."

 पलीकडे वंशावळीच्या जाडजूड वहीचं पान उलटल्याचा आवाज आला.

"सांग," लारू म्हणाली.